गव्हाणीतला गहू

सातारा-सांगलीकडच्या गावांत जनावरापुढे धान्य टाकण्याबद्दल दोन समजुती एकाच घरात नांदतात. पहिली अशी, की दाणा हा माणसाच्या तोंडचा घास आहे. खळ्यावर सांडलेला दाणा वेचून घ्यायचा, पायाखाली आला तर त्याला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, ताटात काही टाकायचं नाही. या संस्कारात वाढलेली म्हातारी माणसं चांगला निवडलेला गहू भरडून म्हशीच्या आंबोणात मिसळलेला बघतात तेव्हा अस्वस्थ होतात. त्यामागे कंजूसपणा नसतो, अन्नाचा अपमान होतोय असं त्यांना मनापासून वाटतं. दुसरी समजूत अगदी उलटी: गायीच्या मुखी पडलेलं कधी वाया जात नाही, जितकं जास्त घालावं तितकं पुण्य अधिक. इतकी वर्षं या दोन समजुतींचं भांडण झालं नाही, कारण धान्यच बेताचं होतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली गहू दोन रुपये किलोने मिळू लागला, जानेवारी 2023 पासून तो फुकट झाला, आणि पशुखाद्याचा भाव मात्र किलोला तिशीच्या आसपास जाऊन बसला. मग रेशनचा गहू भरडून गव्हाणीत जातो अशी तक्रार गावोगाव ऐकू येऊ लागली. एक म्हणतो हे पाप आहे, दुसरा म्हणतो पुण्य आहे, आणि दोघेही धर्माचा हवाला देतात.

माझं म्हणणं असं, की दोघेही परंपरेचा अर्धाच भाग वाचतात. कोणतं धान्य कोणाच्या तोंडी गेलं यावरून धर्म ठरत नाही. जे दिलं ते घेणाऱ्याच्या देहाला मानवतं का, आणि ते देताना आपण माणूस आणि जनावर यांना एकमेकांच्या समोर भांडायला उभं केलं का, या दोन गोष्टींवर तो ठरतो. या कसोटीला लावलं तर एका हातून दिलेला मूठभर गहू गोग्रास ठरतो, आणि त्याच हाताने ओतलेली पाटीभर कणीक हिंसा ठरू शकते.

आधी परंपरा काय सांगते ते पाहू. वैश्वदेवात घरच्या अन्नाचा भाग आपण जेवण्याआधी काढून ठेवायचा असतो. गायीला, कुत्र्याला, कावळ्याला, मुंगीला. त्याचं माप बघण्यासारखं आहे. तो घासभर असतो, त्यावर गायीचं पोट भरावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. घरात शिजलेल्या अन्नावर आपला एकट्याचा हक्क नाही, ही कबुली रोज हाताने द्यायची, एवढंच त्यात आहे. गायीचं पोट भरण्याची जबाबदारी वेगळी, आणि तिचा आदर्श परंपरेने वेगळ्या ठिकाणी दाखवला आहे. रघुवंशातला दिलीप राजा नंदिनीची सेवा करतो तेव्हा तो राजा आहे, कोठारं भरलेली आहेत, पण तो तिला धान्य चारत नाही. तिच्या मागोमाग रानात जातो, ती बसली की बसतो, चालली की चालतो, रुचकर गवताचे घास तिला हाताने भरवतो, अंग खाजवतो, माश्या वारतो. कालिदासाला गोसेवेचा परमोच्च नमुना रंगवायचा होता, आणि त्याने राजाच्या हातात गवत दिलं. संतांच्या गोष्टीही याच बाजूच्या आहेत. एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला काशीहून आणलेली गंगा पाजली, कारण त्या घडीला त्याला पाणीच हवं होतं. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, आणि कुत्रा भाकरी-तूप खाणारा प्राणी आहे. दोन्ही गोष्टींत देव प्राण्यात दिसला, हे तर आहेच. पण तो दिसल्यावर देणाऱ्याने आपल्या मनातलं दिलं नाही, समोरच्याची गरज ओळखून दिलं.

गायीची गरज काय, हे तिच्या पोटात डोकावल्याशिवाय कळणार नाही. मोठ्या गायीचं कोटीपोट शंभर लिटरच्या घरात असतं, आणि त्यात असंख्य सूक्ष्मजीवांची वस्ती असते. माणसाला कधीच पचणार नाही असा कडबा, गवत, पाला ते कुजवतात, आंबवतात, आणि त्यातून गायीला शक्ती मिळते. लांब धाग्याचा चारा रवंथात पुन्हा पुन्हा चघळला जातो, दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ पोटात उतरते, आणि त्या लाळेतल्या क्षारांमुळे आंबटपणा आटोक्यात राहतो. कोटीपोटाचा सामू साडेसहाच्या आसपास टिकतो तो असा. या पोटात सवय नसताना एकदम गव्हाचं पीठ, पुरणपोळ्या, शिजवलेला भात गेला की चित्र बदलतं. गव्हातला स्टार्च मक्याच्या किंवा ज्वारीच्या स्टार्चपेक्षाही झपाट्याने आंबतो. काही तासांत लॅक्टिक आम्ल साचतं, सामू साडेपाचाच्या खाली जातो, चारा पचवणारे जीव मरतात आणि आम्ल वाढवणारे माजतात. बाहेरून दिसतं ते एवढंच, की गाय रवंथ करायची थांबली, दात खाऊ लागली, डाव्या कुशीत पाणी डचमळल्यासारखं वाटतं, शेण पातळ पडतं आणि त्याला आंबूस वास येतो. मग ती बसते आणि उठत नाही. जगली तरी पुढे खूर दुखून लंगडते. बेंदूर-पोळ्याच्या आधी पशुवैद्य दरवर्षी बजावतात की बैलाला पुरणपोळी नुसती चाटवा, घमेलंभर घालू नका. सणानंतर जनावरं पोटफुगीने आणि अपचनाने दगावतात ती प्रेमाने घातलेल्या अन्नामुळेच. दात्याचं समाधान आणि घेणाऱ्याचं हित एकच असतं असं गृहीत धरणं किती महागात पडतं, याचा यापेक्षा ठोस पुरावा धर्मचिंतनाला मिळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग बेंदराची पुरणपोळी चुकीचीच होती का? तसं नाही. आषाढातला बेंदूर हा वर्षभर राबलेल्या बैलाबद्दलच्या कृतज्ञतेचा दिवस. या भागात शेतकऱ्याचं रोजचं अन्न ज्वारी-बाजरीचं. कृष्णाकाठी खपली पिकत असली तरी गहू सणासुदीला निघायचा. स्वतःला वर्षातून मोजक्या वेळा मिळणारी पोळी त्याने बैलाच्या तोंडी आधी दिली, त्यात त्याचा त्याग होता. शिंगं रंगवून, झूल घालून, ओवाळून दिलेला तो एक घास होता. आज गहू हे घरातलं सर्वांत स्वस्त धान्य झालं आहे. पेंडीपेक्षा परवडतो म्हणून तो घातला, तर कृती तीच दिसते पण तिच्यातला त्याग निघून गेलेला असतो, आणि घासाच्या जागी पाटी आलेली असते.

आता दुसरी कसोटी. माणूस आणि जनावर एकाच अन्नासाठी भांडू नयेत, याची सोय या भागातल्या शेतीने कशी केली होती हे शाळूच्या पिकात बघावं. रब्बीची ज्वारी भाद्रपद-अश्विनात पेरायची, जमिनीतल्या ओलीवर वाढवायची, माघ-फाल्गुनात काढायची. वर कणीस, खाली पुरुषभर उंचीचं ताट. कणीस माणसाला, ताट जनावराला. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी 35-1 हे वाण नव्वद-एक वर्षं टिकून राहिलं आहे ते केवळ भाकरीच्या चवीमुळे नाही. तिचा कडबा गोड आणि पानांनी भरलेला असतो, जनावर तो चिपाड न ठेवता खातं. शेतकरी वाण निवडताना दाण्याचा उतारा आणि कडब्याचा उतारा दोन्ही धरून हिशेब करायचा. बैल नांगर ओढायचा, शेण रानात जायचं, रान पुन्हा दोघांना पोसायचं. माण, खटाव, आटपाडी, जतकडचे धनगर मेंढरं घेऊन घाटाखाली आणि नदीकाठी उतरायचे. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, मेंढरांनी धसकटं नि पाला खायचा, लेंड्या-मूत रानाला द्यायचं, आणि त्या खताच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धनगराच्या कुटुंबाला धान्य द्यायचं. मेंढरू जे खात होतं ते माणसाच्या उपयोगाचं नव्हतं, आणि माणूस जे खात होता ते मेंढराच्या खतावर पिकत होतं. मला या व्यवस्थेत कोणत्याही व्रतापेक्षा अधिक धर्म दिसतो. तिथे कोणी कोणावर उपकार करत नव्हतं, आणि पुण्याची वेगळी नोंद ठेवायची गरज नव्हती.

ही घडी मोडली ती कोणाच्या दुष्टपणामुळे नाही. 1964 साली सीएसएच-1 हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. दाणा भरघोस, पण बुटकं ताट, कडबा कमी आणि हलका. खरिपातली हायब्रीड पावसात सापडली की दाणा काळा पडायचा आणि माणसाऐवजी कोंबड्यांच्या खाद्याकडे जायचा. दाणा वाढला म्हणून भुकेला उपयोग झाला, हे मान्यच केलं पाहिजे. पण जनावराचा वाटा गुपचूप कापला गेला. नंतर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, जतकडे नेलं. पाणी येणं ही या दुष्काळी टापूच्या दोन-तीन पिढ्यांची आस होती, त्याबद्दल कुरकूर करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र पाण्यामागे ऊस आणि द्राक्षं आली, शाळूची रानं आटली. गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रातलं ज्वारीचं क्षेत्र निम्म्याहून खूप खाली उतरलं आहे. कडब्याच्या जागी दावणीला उसाचं वाढं आलं. वाढं पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि फक्त वाढ्यावर ठेवलेली दुभती जनावरं आतून पोखरत जातात. ती उणीव भरून काढायला मग गोळी पेंड, मक्याचा भरडा आणि शेवटी गहू. म्हणजे गव्हाणीत धान्य आलं त्याचं मूळ गव्हाणीत सापडणार नाही, ते शेतात आहे. पाप-पुण्याचा हिशेब मांडणारे दोन्ही पक्ष गव्हाणीपाशीच थांबतात.

धान्य स्वभावतःच माणसाचं, जनावराने त्याला तोंड लावणं म्हणजे भ्रष्टता, हे म्हणणं तर 1972 च्या दुष्काळानेच खोटं पाडलं. त्या वर्षी माणदेशात बाया-माणसं खडी फोडत होती, कामावर सुकडी मिळत होती, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळत होता. तिकडे ही ज्वारी मुख्यतः गुरांना घालायला पिकवतात. जे तिकडे गव्हाणीत पडायचं त्यावर इकडे लाखो माणसं तगली. ‘जनावराचं खाणं’ म्हणून अनेकांना त्याची लाज वाटली, पण लाज वाटण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. दाण्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. प्रश्न येतो तो प्रमाणाचा. आज जगातल्या तृणधान्याचा सुमारे तिसरा हिस्सा पशु-पक्ष्यांना खाऊ घातला जातो. दुसरीकडे, जगातली पाळीव जनावरं जे काही खातात त्याचा वजनाने चार-पंचमांशाहून अधिक भाग माणसाला खाताच येत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर गायीचं खरं थोरपण समजतं. आपल्याला न पचणाऱ्या काडीचं ती दूध करते. तिला गव्हावर आणणं म्हणजे तिच्याकडून तिचं हेच सामर्थ्य काढून घेणं.

सर्वांत वजनदार आक्षेप दूधवाल्या शेतकऱ्याचा आहे, आणि तो हातावेगळा करता येत नाही. दूध हेही अन्नच. चितळ्यांनी 1939 साली भिलवडीत डेअरी काढली तेव्हापासून या दोन जिल्ह्यांत दूध हा घरखर्चाचा आधार झाला आहे; उसाचं बिल येईल तेव्हा येईल, दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो आणि तो बहुधा घरातल्या बाईच्या कष्टाचा असतो. पंधरा लिटर देणारी संकरित गाय केवळ कडब्यावर राहिली तर स्वतःच्या हाडामांसातून दूध काढते आणि खंगते. तिला अडीच-तीन लिटर दुधामागे किलोभर खुराक लागतो, हे पशुवैद्यही सांगतात. मग तिला दाणा नाकारणं ही कसली दया? बरोबर आहे. माझ्या कसोटीतही हे बसतं, कारण देहाला काय मानवतं हाच तिचा पहिला प्रश्न आहे, आणि त्या गायीचा देह आपणच तसा घडवला आहे. पण खुराक म्हणजे धान्यच, असं कुठे आहे? सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड, गव्हाचा कोंडा, तुरीची चुणी हे सगळं माणसाने आपला भाग घेतल्यावर उरलेलं आहे. आपल्या आज्या-पणज्या आंबोण करायच्या ते कोंडा-चुणी-कण्यांचंच. राबणाऱ्या बैलाला हुलगे शिजवून घालायच्या, तेही कामाच्या दिवसांत. अशा आंबोणात थोडा मक्याचा भरडा, हळूहळू सवय लावून, भरपूर वैरणीच्या जोडीने दिला तर ना गायीला इजा आहे ना माणसावर अन्याय. वैरण तोडून धान्य वाढवणं, ही सीमा ओलांडणं आहे. ती ओलांडल्यावर दूध चार दिवस वाढलेलं दिसतं आणि गाय चार वेतं आधी बाद होते.

दुसरा आक्षेप अधिक तीक्ष्ण आहे. गोदामं भरलेली आहेत, एखाद्याने महिन्याचे पाच-दहा किलो गहू म्हशीला घातले म्हणून कोणाच्या पोराची भाकरी हिसकावली गेली? भूक धान्याच्या टंचाईमुळे नसते, खिशात पैसा नसल्यामुळे असते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली ती हेच ओळखून. हा युक्तिवाद मी खोडत नाही. त्या म्हशीपासून एखाद्या उपाशी मुलापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, त्याच राज्यात माणसाच्या नावाने दिलेलं धान्य माणसापर्यंत न पोचता दुधात बदलून विकलं जात असेल, तर काहीतरी बिघडलं आहे हे समजायला सरळ रेघेची गरज नाही. खरी स्पर्धा जमिनीत चालते. कोंबडीखाद्याला आणि आता इथेनॉललाही मका हवा, म्हणून मक्याखाली रान जातं, शाळू आणि तूर मागे सरतात. गहू घालणाऱ्या बाईला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. तिच्यापुढे दुसरी वैरण नाही, तिची म्हैस भुकेली आहे, आणि घरात गव्हाचं पोतं आहे. अशा वेळी भुकेल्या जिवाला जे आहे ते देणं हाच धर्म, फक्त तिला तो पर्याय घ्यावा लागू नये ही जबाबदारी गावाची आहे.

शर्यतीच्या बैलाबद्दल मात्र मी इतका मऊ होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये बैलगाडा शर्यतींना कायम परवानगी दिल्यापासून या दोन्ही जिल्ह्यांत खिल्लार खोंडांची किंमत चढली आणि खुराकही चढला. उडदाचं पीठ, गव्हाची कणीक, दूध, अंडी, बदाम. जितका महाग तितका मालक मोठा. खिल्लार जात या हौसेमुळे टिकते, हे त्यातलं मोल मी कमी लेखत नाही. पण माळरानावरच्या काटक वैरणीवर घडलेल्या या जातीच्या पोटात कणीक नि अंडी ओतणं ही बैलाची सेवा आहे असं कोणी सांगू नये. ती मालकाच्या प्रतिष्ठेची सेवा आहे, आणि तिचं ओझं बैल वाहतो.

राहिला दुष्काळ आणि भाकड जनावरं. माण-खटाव, जत-आटपाडीत 2012-13 आणि 2018-19 ला छावण्या लागल्या तेव्हा जनावरं जगली ती उसावर आणि बाहेरून आलेल्या चाऱ्यावर. त्या वेळी शहरांतून मदत करणाऱ्यांना पटकन सुचतं ते धान्याचं पोतं, कारण माणसाला मदत म्हणजे धान्य ही सवय. गोशाळा आणि पांजरपोळांचंही असंच होतं. सांगली-मिरजेकडची जैन समाजाची जीवदया जुनी आहे, आणि गोंदवल्यासारख्या क्षेत्री अन्नदान आणि गोसेवा शेजारी शेजारी चालतात. अशा ठिकाणी पुण्यतिथीला किंवा वाढदिवसाला गायीच्या नावाने गहू, कणकेचे गोळे, गूळ आणून देणारे भाविक असतात. त्यांची श्रद्धा खरी असते, म्हणूनच ती योग्य ठिकाणी पोचावी असं वाटतं. गहू अन्नछत्रात द्यावा, गायीला कडबा द्यावा. कडबा पेंढ्यांच्या शेकड्याने विकला जातो, आणि शाळू निघतो त्या माघ-फाल्गुनात तो सर्वांत स्वस्त असतो. वैशाखापर्यंत भाव कितीतरी वर चढतो. आषाढातल्या सणाची वाट न बघता फाल्गुनातच चार शेकडे घेऊन गोशाळेत गंजी रचून दिली, तर गायीला तिच्या पोटाचं अन्न मिळतं आणि माणदेशात अजून शाळू पेरणाऱ्या शेतकऱ्याला ताटाचे पैसे मिळतात. त्याला ते मिळत राहिले तर पुढच्या भाद्रपदात तो उसाच्या किंवा मक्याच्या जागी पुन्हा चार पांड तरी मालदांडी पेरण्याचा विचार करील.